दहा दिवस खाली मान

प्रभाताईंच्या डोळ्यांत थेंब घातले होते. पंधरा मिनिटं पापण्या उघडायच्या नाहीत, असं सिस्टरनं बजावलं होतं, म्हणून त्या सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नुसत्या कानांनी बसल्या होत्या. तेवढ्यात शेजारी, बोलण्यावरून अक्कलकोटकडचं वाटणारं, एक जोडपं येऊन टेकलं.

“मान वर करा की आता! पडदा नीट बसला म्हणाले न्हवं डाक्टर?”

“करतो गं, शिवबाई. धा दिस खाली घातलेली मान हाय. एकदम कशी वर यील?”

“कारहुणवीच्या सणाला शिंगं रंगवायच्या आदी बैलाचं दावं आखूड बांधा म्हणत हुते मी. ऐकलं का? बसलं शिंग डोळ्यावर, सुटला आतला पडदा.”

“चुकलंच माझं. पर डाक्टर लई हुशार. डोळ्यात हवा भरून पडदा दाबून बसवला. हवा वर चढती, म्हणून आपली मान खाली.”

“जेवताना खाली, झोपताना पालथं. लई कंटाळला असाल.”

“न्हाई. तू ताट घिऊन यायचीस, तवा तुझं पाय दिसायचं. सैल जोडव्याला दोरा गुंडाळलायस तू.”

“दिसला व्हय?”

“आता हितनं सराफाकडं जाऊ, नवी जोडवी घिऊ. कवापास्नं हाय दोरा?”

“चार वर्सं झाली की.”

“चार वर्सं? आन मला कसा दिसला न्हाई?”

“कसा दिसंल? तवा तुमचं डोळं चांगलं हुतं.”