शिखराला पडलेल्या घड्या

सोलापूरच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी देवळाचे पंच आप्पा आणि त्या देवळाचं फायबरचं शिखर बनवणारे मौलाभाई बसले होते.

“आप्पा, उन्हानं शिखराला घड्या कशा पडल्या, कळंना. बुडाला बोटभर फट सोडली हुती मी. तापल्यावर फायबर फुगतं, त्याला जागा लागती.”

“ती फट व्हय... वाऱ्यानं शिखर उडंल म्हणून मी सिमेंटनं बुजवली.”

“गावाला सांगितलं?”

“न्हाय. देवळातल्या बैठकीत समदे तुमालाच शिव्या देत हुते.”

“देवळात बसून बी तोंड उघडलं न्हाय? तवापासनं एक बी गाव मला काम देईना की!”

“उद्या सांगतो, मौलाभाई. आईशप्पत.”

“ऱ्हाऊ द्या. शिखरं बनवायचा साचा कालच फोडला मी.”