शाळा सोडण्याचे कारण

— हो, हो, सही मुख्याध्यापकांचीच आहे, आणि हे प्रमाणपत्र टाइप मी केलंय. डावीकडचा समास बघा, तिरका गेलाय ना? आमचा प्रिंटर कागद तसाच ओढतो. बसा ना मॅडम, उभ्या का? मधली सुट्टी आहे, खिडकी बंद आहे, अर्धा तास इथे कुणी येणार नाही. तर गणिताचे सर. सहा वर्षं होते आमच्याकडे. शिकवायला चांगले हो, अगदी चांगले, पोरं कान देऊन ऐकायची. शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचे, एक पैसा न घेता. पालक तर काय, डोक्यावर घेऊन नाचायचे. 'वर्तणूक — उत्तम'. हेच विचारायला आलात ना? मी विचारलं होतं तेव्हा, साहेब, 'उत्तम' लिहू की 'समाधानकारक'? तर म्हणाले, उत्तमच टाका, समाधानकारक टाकलं की लोक चौकशा करतात. मी टाकलं. सव्वीस वर्षं झाली मला या खुर्चीत, सांगतील ते टाकते.

आता तुम्ही नोकरीवर घ्यायच्या आधी चौकशीला आलात, हे चांगलं केलंत, कुणी येत नाही एवढं — थांबा. हा खाली शिक्का तुमच्या शाळेचाच ना? आवक. पण हा तर गेल्या वर्षीचा आहे. म्हणजे ते — वर्षभर तुमच्याकडे शिकवतायत?

मग आज का आलात?

...नको. नाव नका सांगू मला. कितवीत आहे तेवढं सांगा. सातवी. बरं.

आमच्याकडची आठवीत होती. सगळे तिला काडी म्हणायचे — अंगात काही नव्हतंच, दप्तर पाठीवर घेतलं की मागून दप्तरच चालतंय असं वाटायचं. वडिलांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान. एकदा आली खिडकीशी, टाचा उंच करून म्हणते, ताई, शाळा सोडायची तर काय काय लागतं? मी म्हटलं, कुणाला सोडायचीय? तर म्हणे, मला. मी हसले हो. म्हटलं, पालकांचा अर्ज लागतो, वाचनालयाची पुस्तकं जमा करावी लागतात. गेली. चार दिवसांनी परत आली, म्हणे पुस्तकं जमा केली. मी म्हटलं, आणि अर्ज? गेली. मग आठवड्यानं अर्ज घेऊन आली. खाली वडिलांची सही — सही कसली, हिनंच केलेली, 'ळ' सुद्धा वहीतल्यासारखा गोल. आणि मधे तो रकाना असतो ना, शाळा सोडण्याचे कारण, तिथे लिहिलं होतं — 'सर'. एवढंच. पुढे काही नाही. सर, आणि एक पूर्णविराम.

वाचलं ना. वाचलं मी. न वाचता कशी राहीन, कागद वाचायचाच पगार घेते मी. काय म्हटलं? म्हटलं, कारण नीट पूर्ण लिही, आणि यावर वर्गशिक्षकांची सही लागते. नियमच आहे तो. वर्गशिक्षक कोण, तर — हो. तेच. तिनं माझ्याकडे बघितलं, कागद तसाच खिडकीत ठेवला आणि निघून गेली. रडली वगैरे नाही. मला वाटलं होतं रडेल.

पुढे काय होणार? जे होतं तेच. महिन्याभरानं तिची आई आली, चपला बाहेर काढून ऑफिसात आली बिचारी. साहेबांच्या खोलीचं दार दीड तास बंद. आतून तिचा आवाज एकदाच आला — 'पण तिचं काय चुकलं?' एवढा एकच. मग साहेबांचा, हळू, समजावणीचा — मुलीचं नाव खराब होईल, तिचं पुढे सगळं आयुष्य आहे, आम्ही सरांना जायला सांगतो. सरांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला, मुलांनी पेन दिलं. काडीचाही दाखला गेला त्याच आठवड्यात. कारण — 'पालकांची बदली'. आता मिक्सर दुरुस्त करणाऱ्याची कसली बदली होते, तुम्हीच सांगा. पण टाकलं मी. कुणी विचारलं नाही. तिचा तो अर्ज मी साहेबांना दाखवला होता, त्यांनी फाडला. माझ्यासमोर. मी टोपली पुढे केली.

काय म्हणालात? मला आधी काही माहीत होतं का? छे. मला कुठून — मी इथे खिडकीत, वर्ग तिकडे वरच्या मजल्यावर. मला कसं कळणार. आमच्या घरातली तर — नाही, तसं काही नाही. मुलीला गणित जमत नव्हतं एवढंच. हो, मला मुलगी आहे. याच शाळेत. आता दहावीला आहे. तेव्हा आठवी 'अ' मध्ये होती, त्या सरांच्याच वर्गात. एकदा ताटावर बसून म्हणाली, आई, मला दुसऱ्या तुकडीत टाक ना, तुझ्याच हातात आहे. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, असंच. भात चिवडत होती. मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या टाकली 'ब' मध्ये. एका ओळीचं काम असतं.

फक्त पट सारखा लागतो. चौपन्न-चौपन्न. एक काढलं की एक घालावं लागतं, नाहीतर वरून विचारणा होते. तर 'ब' मधली एक इकडे आणायची होती. यादी घेऊन बसले. डॉक्टरांची मुलगी नको, तिची आई धावत येईल. एकीचे वडील शाळेच्या समितीवर. मग जिच्या घरून कुणी विचारायला येणार नाही असं एक नाव —

पंखा जरा वाढवते. नको? बरं.

कळलं होतं मला. तुम्ही विचारताय ते. भात चिवडताना बघितलं तेव्हाच. कळलं नसतं तर यादीतली नावं अशी कशाला निवडली असती? घरी अजून बोललेलो नाही आम्ही. समोरासमोर जेवतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणते, मी देते. तिला झोप नीट लागते का, मला ठाऊक नाही. नवऱ्याला तर काहीच ठाऊक नाही. आणि मला — खरं सांगू? काही होत नाही मला. दात काढायच्या आधी सुई देतात ना, गाल जड होतो, आपलाच असून आपला वाटत नाही. तसं दोन वर्षं.

पोलिसांत जाणार आहात? मग नुसतं हे प्रमाणपत्र घेऊन नका जाऊ, त्यावर उत्तम लिहिलंय. कोरा कागद आहे तुमच्याकडे? शाळेचा नको. द्या. मला भाषण येत नाही, पण अर्ज लिहिता येतो. तारीख. काडीचं खरं नाव लिहिते, पण तिच्या आईला आधी भेटा, तिनं हो म्हटलं तरच हे पान पुढे करा. दुकान स्टँडच्या मागे आहे. तुकडी बदलली ती तारीख, कुणाच्या जागी कुणाला. अर्जात काय लिहिलं होतं ते. तो कुणी फाडला ते. टोपली कुणी धरली, तेही.

माझ्या मुलीचं? ...ते आज नाही लिहीत. आज संध्याकाळी तिला विचारते. ती सांगेल की नाही, माहीत नाही. विचारते.

हे घ्या. सही केलीय. शिक्का नाही मारलेला, शिक्का शाळेचा आहे, हे माझं आहे. साहेब विचारतील तेव्हा विचारतील, नोकरीची चार वर्षं उरलीत, काय करायचं ते करतील. आणि तुमच्या त्या सातवीतल्या मुलीला पुन्हापुन्हा सांगायला नका लावू. एकदा सांगितलंय ना तिनं? मग झालं.

उठा आता. सुट्टी संपली, मला खिडकी उघडायचीय.