टेकू हलत नव्हता

— नाय, तो टेकू नका उचलू साहेब. तो कोपऱ्यातला विकायचा नाय. इकडचे बघा ना, हे चार हायेत. तुमी नेरळवरनं एवढं लांब कशेळ्याला आलात, बसा आधी. स्टूल पुसून घ्या, ग्रीस लागंल. हां. तर एअर रायफल हाय तुमची, टेबलाशी बसून पंचवीस मीटरवर मारता, आणि छर्रे कागदभर पसरतात — असंच ना? मग टेकू बदला. रायफल ज्याच्यावर ठेवता तोच डुलत आसंल, तर नेम कसा लागणार? लोकं हलका टेकू मागवतात, पिशवीत घालून न्यायला बरा म्हणून. हलका नका घेऊ. हा उचलून बघा. सात किलो. बिडाचा हाय. आणि पाय तीनच घ्या — चार पायांतला एक कुठंतरी अधांतरी राहतोच, तीन पाय कसल्याबी टेबलावर गप बसतात. पुढं रायफलीचं लाकूड टेकवायचं, नळी नाय टेकवायची. नळी टेकवलीत की छर्रा भलतीकडं. आणि मागं दस्त्याखाली वाळूची पिशवी. पेज नदीची वाळू मी चाळतो, तव्यावर भाजतो, मग भरतो. गच्च भरायची, बोटानं दाबली तर दबता कामा नये.

मला कुठनं कळतं हे सगळं? मी तर फिटर माणूस. तीस वर्षं खोपोलीच्या कारखान्यात काढली, रायफल कधी हातात धरली नव्हती. पोरीनं शिकवलं — रूपा, माझी थोरली. कॉलेजात असताना कर्जतला एका क्लबात जायला लागली. आमच्या वस्तीत लोकं हसायची, दामूची पोर बंदूक चालवते म्हणून. मग पेपरात फोटो आला तिचा, तेव्हा तीच लोकं पेढे खायला आली. तिचा पयला टेकू मी सागाचा केला. रविवारी आमी दोघं मागच्या शेतात जायचो, मी कागद लावायचो, ती मारायची. पाच छर्रे आणि भोक एकच, साहेब. एकच! मी तो कागद खिशात घालून कारखान्यात न्यायचो, जेवणाच्या सुट्टीत दाखवायचो.

मग छर्रे पसरायला लागले. असेच, तुमचे पसरतात तसे. मी म्हणलं, लाकूड फुगलं आसंल. लोखंडाचा केला. तरी पसरतात. बिडाचा केला, खाली रबर लावलं, पिशवी बदलली — सहा महिन्यांत पाच टेकू केले मी. ती मारायची आणि म्हणायची, "बाबा, टेकू हलतोय." मी परत लेथवर उभा.

ती आधी असं म्हणत नव्हती, साहेब. आधी, गणपतीच्या दिवसांत, एकदा म्हणाली होती — "बाबा, उजव्या हाताची बोटं बधिर पडतात. चापावर बोट हाय का नाय, कळतच नाय." आणि मी काय म्हणलं? मी म्हणलं, "स्पर्धा आली की तुला बरी नाटकं सुचतात." एवढंच. परत हाताचं नाव नाय काढलं तिनं. त्याच्यानंतर टेकूच हलायला लागला.

घ्या ना, पाणी घ्या. नाय, मला काय झालं नाय. लोखंडाचा कीस जातो डोळ्यात.

बरी हाय, हो. हाय ती. खोपोलीला नोकरी करते, एका हपिसात. मानेच्या मणक्यात गाठ होती, ती नस दाबत होती. मुंबईला ऑपरेशन केलं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं मिटत नायत अजून. डाव्या हातानं लिहायला शिकली. शनिवारी घरी येते तेव्हा तिची आई तिची वेणी घालते. सत्तावीस वर्षांची पोर, साहेब, आईपुढं पाठ करून बसते.

डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. डिसेंबरात आणलं असतं तरी हात वाचला असता. लोकांनी माझी समजूत काढली — तुला काय ठाऊक होतं दामू, तू काय डॉक्टर हायेस? मी मान हलवली. सगळ्यांपुढं मान हलवली.

ठाऊक होतं मला. डिसेंबरातच ठाऊक झालं होतं. तो कोपऱ्यातला टेकू तयार झाला त्या दिवशी ती क्लबात गेली होती, रायफल घरी होती. मी एकटाच शेतात गेलो. जन्मात पयल्यांदा चाप ओढला. पाच छर्रे मारले — मी, ज्याला डोळा मिटायचाबी धड जमत नाय त्यानं — आणि जाऊन बघतो तर पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे. टेकू हलतच नव्हता. मी तिथंच बांधावर बसलो. तो कागद फाडला, बारीक बारीक फाडला आणि चिखलात दाबला. फेब्रुवारीत स्पर्धा होती, साहेब. टेकू लावून मारायची, राज्याची. दोनच महिने. मी म्हणलं, एवढी होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला. संध्याकाळी ती घरी आली तर मी तिलाच सांगतो, "हा पण जरा हलतोय गं, बघतो मी." आणि ती म्हणाली, "बरं बाबा." स्पर्धेत तिसऱ्या फेरीला तिला चापच ओढता आला नाय. सगळ्यांसमोर. डाव्या हातानं उजवा हात धरून बसली होती नुसती.

तिनं कधी विचारलं नाय मला. विचारलं असतं तर सांगितलं असतं — नाय. नसतं सांगितलं. तुमाला कशाला सांगितलं, तेच कळत नाय. तिच्या आईलाबी मी—

— तर हा स्क्रू असा उजवीकडं फिरवायचा साहेब, की पुढचा भाग वर येतो. ये गं जना, चहा ठेव इथं. ही रूपाची आई, साहेब. काय नाय, साहेबांना विचारत होतो, चहात साखर चालते का.