कमरखाच्या पत्रकातली गाळलेली ओळ

"हॅलो?... हां आई, बोल. मशीन चालू आहे गं, जरा मोठ्याने... उचकी? कुणाला, बाबांना?"

छापखान्यात सकाळचे साडेअकरा वाजले होते. फोन खांद्याने कानाशी दाबून ती शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा कच्चा छापा तपासत होती. बारा वर्षं ती इथे मजकुराची मांडणी करत होती. आईचे फोन दिवसातून तीनदा यायचे, आणि एका कानाने ऐकत दुसरीकडे पेन्सिल चालवायची तिला सवय झाली होती.

"साखर चघळायला दिलीस?... पाणी मोजून हं, आई... हो, हो, घोटभरच. कधीपासून म्हणालीस?... पहाटे पाचपासून? अगं, मग आत्ता सांगतेस?"

बाबांच्या दोन्ही किडन्या सहा महिन्यांपूर्वी जवळजवळ बंद पडल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसच्या मशीनला लावून रक्त धुऊन घ्यावं लागे. मागची खेप परवा झाली होती, पुढची उद्या होती. उद्या जायचंच आहे, तेव्हा सांगू डॉक्टरांना, असं आईचं म्हणणं.

"रात्री काय खाल्लं?... भात, दुधी... बरं. आणि?... कसलं फळ?... धारांचं म्हणजे? कापलं की चांदणी दिसते, ते?"

पेन्सिल थांबली.

"कमरख. आई, किती खाल्ली त्यांनी?... चिडू नकोस, नुसता आकडा सांग. रात्री दोन... आणि सकाळी रस. कितीचा रस?... चार."

आई तिकडे बोलतच होती. केळं बंद, संत्रं बंद, शहाळं बंद. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत वीस-वीस मजले चढलेला माणूस ताटासमोर लहान मुलासारखा हिरमुसून बसतो, ते आईला बघवत नव्हतं. काय खायचं नाही याची जी यादी दवाखान्यातल्या बाईंनी दिली होती, तिच्यात कमरख नव्हतं. विचारून कशाला नाही म्हणून घ्यायचं? शिवाय कोपऱ्यावरच्या फळवाल्याने फळासोबत छापील कागदच दिला होता. आई तो वाचू लागली, अडखळत, एकेक शब्द.

"क जीवनसत्त्व भरपूर, साखर कमी, उष्मांक थोडे... चोथ्यामुळे पोट साफ, रक्तदाबावर गुणकारी. हो, आई. त्याच्यापुढे त्वचा तजेलदार. मला माहितीये काय लिहिलंय ते... थांब, आधी ऐक माझं. बाबांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय. उद्या नाही. आत्ता."

आईला ते पटेना. उचकीने कुणी मेलंय का, असं तिने विचारलं.

"ते फळ वाईट नाहीये गं. तू खा, मी खाईन, काही होणार नाही. पण त्यात एक विष असतं, ते आपल्या किडन्या बाहेर टाकतात. बाबांच्या नाही टाकत. ते साठतं आणि डोक्यात चढतं. उचकी ही सुरुवात असते... पुढे? पुढे माणूस बरळतो. मग झटके येतात... नाही, घाबरवत नाहीये. बरं, बाबांना दे फोन."

खरखर झाली. मग उचकी ऐकू आली, कोरडी, छातीतून ओढून काढल्यासारखी.

"बाबा, मी बोलतेय... मी. तुमची मुलगी... नाही बाबा, आत्या नाही. आत्या जाऊन नऊ वर्षं झाली... कुठली लिफ्ट? कोण अडकलंय?... बाबा, आईला द्या फोन. द्या ना हो."

ती कागदांच्या गोदामात शिरली आणि दार लावून घेतलं.

"आई, ऐकलंस ना ते काय बोलले?... नाही, झोप झाली नाही म्हणून नाही. मला कसं माहीत? सांगते. तो कागद मी मांडलाय. गेल्या वर्षी. त्यात शेवटी एक ओळ होती. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे फळ खाऊ नये; उचकी, भ्रम, झटके येऊ शकतात. फळवाल्याला चित्र मोठं हवं होतं, जागा पुरेना... हो. मी काढली. मीच."

पलीकडून फक्त उचक्या येत राहिल्या. तिने मोजल्या, सात झाल्या.

तेव्हा बाबा ठणठणीत होते. मूत्रपिंडाचा आजार म्हणजे कुणा दुसऱ्याचा आजार होता. ती ओळ निवडून पुसायला तिला एक क्षणही लागला नव्हता, आणि चित्र छान बसलं म्हणून मालकाने तिचं कौतुकही केलं होतं. या महिन्यात फळवाल्याने तोच कागद पुन्हा छापून नेला. गठ्ठे बाहेर जाताना तिने पाहिले होते, आणि तरीही तिला काही आठवलं नव्हतं.

"आई, मला नंतर हवं ते बोल. मार. पण आत्ता वरच्या टॅक्सीवाल्या काकांना हाक मार... असतील, या वेळी जेवायला येतात ते. फाइल घे. फोन बंद करू नकोस, तसाच पिशवीत टाक."

मग तिला फक्त आवाज ऐकू येत राहिले. काकांची जड पावलं. सावकाश, सावकाश, असं म्हणणारं कुणीतरी. जिना. बाबांची उचकी, आणि मध्येच त्यांचं कुणाला तरी दरडावणं, की वायर ओढू नका. गाडीचं दार. वाटेत एकदा बराच वेळ उचकी आली नाही आणि ती गोदामातल्या गठ्ठ्यांवर कपाळ टेकवून उभी राहिली. पुढची उचकी आली तेव्हा तिला रडू फुटलं. ती ऐकायला मिळाली याचंच बरं वाटलं.

दवाखान्यात पोचल्यावर आईने उचकी म्हणून सांगितलं. साहजिकच त्यांना रांगेत बसायला सांगण्यात आलं.

"आई... आई, फोन बाहेर काढ. त्यांच्या हातात दे... हॅलो, सिस्टर? तुमच्याकडचेच डायलिसिसचे पेशंट आहेत. कमरख खाल्लंय, स्टारफ्रूट. रात्री दोन, सकाळी चारांचा रस. शेवटचं डायलिसिस परवा. माणसं ओळखत नाहीयेत... हो, क-म-र-ख. डॉक्टरांना एवढा एक शब्द सांगा... सिस्टर, मी पाया पडते तुमच्या, त्यांना रांगेत नका बसवू."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी चाकांची खुर्ची मागवली.

त्यानंतर दोन तास गेले. फोन चार्जरला लावून ती गोदामातल्या फरशीवर बसून होती. मालक एकदा दारात आला, तिचा चेहरा पाहिला आणि आल्या पावली परत गेला.

"हां, आई... बोल... मशीनवरच आहेत ना?... थांबली? पूर्ण?... अधूनमधून. बरं. डॉक्टर काय म्हणाले?... उद्यापर्यंत थांबलो असतो तर... हो. कळलं. नको सांगूस पुढचं. ओळखलं तुला?... चष्मा मागितला? आई, खरंच चष्मा मागितला?"

तिला वाटलं, आता आई बोलेल. काय बोलायचं ते बोलेल. पण आई भलतंच सांगू लागली. बाहेरच्या बाकांवर अकरा माणसं बसली आहेत, तिने मोजली. सगळी मशीनची वाट बघणारी. सगळ्यांच्या घरी अशीच यादी आहे, त्यातली तिघं आपल्याच रस्त्यावरची. आणि आईने विचारलं, ही माणसं फळं कुठून घेतात?

ती फरशीवरून उठली.

"चार हजार, आई. चार हजार छापलेत... नाही, सगळे नसतील वाटले... तू बस त्यांच्यापाशी. मी येते, पण आधी मला फळवाल्याकडे जायचंय. आणि आई, त्या अकराजणांना तू सांग. आत्ता, उठून. मी काय केलं तेही सांग... हो. ठेवते."