मागच्या डाव्या काचेबाबत

मी, मैत्रेयी दिगंबर सोनटक्के, वय २७ वर्षे, धंदा नोकरी (मापन उपकरणांची अभियंता), राहणार सेक्टर ३०, चंदीगड, चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, शार्दूल इनामदार, राहणार झिरकपूर, यांनी त्यांच्या गाडीची काच मी फोडल्याची तक्रार दिली आहे. काच मीच फोडली.

रविवार, १५ जून २०२५ रोजी शार्दूल व त्यांच्या आई शशिकलाबाई, वय ६८, मला पाहायला आमच्या घरी आले. गाडी ५.०५ ला दारात लागली. शशिकलाबाई उतरल्या नाहीत. साडेचार ते सहा राहुकाळ आहे, सहानंतरच उंबरा ओलांडेन, असे त्या म्हणाल्या. ही छापील वेळ सहाला सूर्यास्त धरून असते. चंदीगडला त्या दिवशी सूर्यास्त सात पंचवीसला होता. त्या हिशेबाने राहुकाळ ५.४० ला लागत होता. मी हे बोलले नाही. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता.

शार्दूल एसी चालू ठेवून उतरले व माझ्या बाबांना गाडी दाखवू लागले. "काका, कोटीच्या वर गेली. पण टेन्शन नाही यार, ही बंदच पडत नाही," असे ते म्हणाले. ५.२१ ला ती बंद पडली.

दारे लॉक झाली. या गाडीत आतून दार उघडायला हँडल नाही, बटण आहे. वीज नसल्याने बटण चालेना. शार्दूल यांनी रिमोट नऊ वेळा दाबला, मग हेल्पलाइनला फोन केला. माणूस चाळीस मिनिटांत पोहोचेल असे उत्तर आले.

वीज गेल्यावर उघडायची काही सोय असेल, मॅन्युअल कुठे आहे, असे मी विचारले.

"गाडीत," ते म्हणाले. "आणि मॅडम, एवढ्या किमतीत मॅन्युअल वाचावं लागत नाही."

५.३० ला मी घरातला इन्फ्रारेड तापमापक आणला. काच ५८ अंशांवर होती. हा तापमापक काचेपलीकडचे मोजत नाही, म्हणून आतले तापमान मी सांगू शकत नाही. शशिकलाबाई आधी पदराने वारा घेत होत्या. ५.३४ ला त्यांनी काचेवर हात मारायला सुरुवात केली. ५.३८ ला हात थांबला.

"काच फोडली तर वॉरंटी जाईल म्हणतायत," शार्दूल म्हणाले.

"अरे, आई आहे तुझी," बाबा म्हणाले.

"दोन मिनिटं काका, होल्डवर आहे."

शशिकलाबाई उजव्या बाजूला होत्या, म्हणून मी मागच्या डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यावर घरातून आणलेली हातोडी मारली. दुसऱ्या घावात काच फुटली. आत चाचपल्यावर दाराच्या खणात, रबरी झाकणाखाली, एक तरफ सापडली. ती ओढताच दार उघडले. तशीच एक शशिकलाबाईंच्या कोपरापाशीही होती. त्या बेशुद्ध होत्या. बाबांनी व मी त्यांना बाहेर काढले. रात्रभर त्या रुग्णालयात होत्या.

६.२० ला कंपनीचा माणूस आला. बॅटरी जोडल्यावर गाडी सुरू झाली. "बघा, गाडीला काही झालेलंच नव्हतं," असे शार्दूल त्याला म्हणाले.

शशिकलाबाई आज माझ्याबरोबर आल्या आहेत व बाहेर बाकावर बसल्या आहेत. काच मी फोडली, असे त्या त्यांच्या जबाबात स्वतःबद्दल सांगणार आहेत. ते खरे नाही, याची आधीच नोंद घ्यावी.

हा जबाब मी मराठीत लिहिला असून हिंदी भाषांतर सोबत जोडले आहे. हवालदार नरेश यांच्यासमोर दोन्ही मोठ्याने वाचले गेले. मजकूर माझाच आहे, वेळा माझ्या घड्याळाच्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.