नातीच्या मुठीतली ग्रिप

घटनेची तारीख व वेळ: दिनांक १६ मार्च २०२५, रविवार, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.
जबाब देणार: जखमी मुलीच्या आईची आई. वय ६९ वर्षे. व्यवसाय: ‘घरकाम’ असे लिहिले होते, ते खोडून ‘ऑपरेशन थिएटरची निवृत्त मुख्य सिस्टर’ असे करून घेतले. राहणार: पाण्याच्या टाकीमागील वसाहत, तळमजला.

मी आज, दिनांक १९ मार्च रोजी, ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, माझी नात, वय १९, लहानपणापासून माझ्याजवळ राहते. तिला सगळे भिंगरी म्हणतात. ती मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती खेळते. हे तुम्हाला आवडते का, असे येथील हवालदारांनी विचारले. आवडत नाही. त्याचा या जबाबाशी संबंध नाही.

गाडीच्या हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी ग्रिप असतात. गाडी उडी मारून खाली आपटते तेव्हा चालवणारा त्यांच्यावरच तोललेला असतो. भिंगरी ग्रिप घरी, शर्यतीच्या आदल्या दिवशी बसवते. हँडल कोरडे पुसायचे, रबराचे सोल्यूशन लावायचे, ग्रिप एका दमात सरकवायची आणि रात्रभर तिला हात लावायचा नाही. सकाळी वरून बारीक तार दोन ठिकाणी आवळायची, पक्कडीने पीळ द्यायचा आणि पिळाचे टोक तळहाताला लागणार नाही अशा बेताने रबरात दाबायचे. हे सगळे माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी चालते. सोल्यूशनचा वास दोन दिवस घरातून जात नाही. तो मी झोपेतही ओळखेन.

रविवारी सरावाच्या फेरीत डावी ग्रिप फाटली. मैदानाच्या मालकांचा नियम असा, की शर्यतीच्या दिवशी गाडीला मैदानाच्या मेकॅनिकनेच हात लावायचा. सुरक्षिततेसाठी. या मेकॅनिकला भिंगरी मामा म्हणते, नात्याने ते आमचे कोणी नाहीत. त्यांनी नवी नारिंगी जोडी काढली आणि दोन्ही ग्रिप बदलल्या. डावीत साबणाचे पाणी ओतले आणि ती सर्रकन चढवली.

मी विचारले, “सोल्यूशन नाही लावत?”

“अहो आजी, ते वाळेपर्यंत बक्षिसं वाटून होतील. तारेवर भागतं.”

“मग तार?”

“बांधतो की! तुम्ही सावलीत बसा बघू.”

आमच्या थिएटरमध्ये ‘टाके घालतो की’ असे म्हणून कोणी पेशंटला बाहेर पाठवत नसे. मामांनी उजवीची तार बांधली. तेवढ्यात मालक लांबून ओरडले, “मामा, सोडा ते, इकडे चेन उतरलीय!” मामा पक्कड घेऊन तिकडे धावले. मला शिट्टी वाजवून कुंपणाबाहेर काढण्यात आले.

गाड्या रांगेत लागल्यावर भिंगरी हेल्मेटमधून ओरडली, “मामा, डावीची तार झाली ना?” हातमोजे घालून गाडीवर बसल्यावर खाली उतरायची तिथे परवानगी नाही. मामांनी लांबूनच अंगठा वर केला. तो अंगठा मी पाहिला. मी चष्मा लावलेला होता.

तिसऱ्या फेरीत मोठ्या उडीवरून गाडी जमिनीवर आली. त्याच क्षणी भिंगरीचा डावा हात हँडलवरून सरळ बाहेर गेला. गाडी आडवी फिरली. भिंगरी गाडीच्या पुढे पडली. मागून येणाऱ्या गाडीला थांबता आले नाही.

लिहून घेणाऱ्यांनी येथे ‘हात सुटल्याने’ असे लिहिले होते. मी ते खोडायला लावले. हात सुटला नाही. मूठ मिटलेलीच होती.

यानंतरचे मला सलग सांगता येत नाही. कुंपण माझ्या छातीइतके उंच आहे आणि मी त्याच्या पलीकडे, ट्रॅकवर होते, एवढे खरे. माझी एक चप्पल नंतर कोणीतरी अँब्युलन्समध्ये आणून दिली.

रुग्णालयात तिचा डावा हातमोजा कापला, पण मूठ उघडेना. तिथल्या सिस्टरने एकेक बोट सोडवले आणि मला विचारले, “आजी, हे काय धरून ठेवलंय हिनं?”

ती नारिंगी ग्रिप होती. बाहेरून तारेचा वळ नव्हता, आत सोल्यूशनचा ठिपका नव्हता. आतले रबर बुळबुळीत होते आणि त्याला साबणाचा वास होता. मी ती तपासणीच्या पिशवीत घालून पिशवी बंद केली, वर तारीख टाकली आणि त्या सिस्टरची सही घेतली. हे सगळे माझे हात करत होते. मी त्यांच्याकडे नुसती बघत होते.

सोमवारी तिची बॅग आणायला मी मैदानावर गेले. मालक स्वतः मला गाडीजवळ घेऊन गेले. हँडल वाकलेले, क्लचचा दांडा तुटलेला, सगळ्या गाडीवर चिखल वाळलेला. डाव्या टोकाला नारिंगी ग्रिप होती. तिच्यावर चिखलाचा कण नव्हता. तार चकचकीत होती.

“ओढून बघा आजी,” मालक म्हणाले. “हलते का? पोरीनं हात सोडला, दुसरं काय! लोकांना हात दाखवायची हौस.”

मी ओढून पाहिली. हलली नाही. माझ्या बोटाला सोल्यूशन चिकटले. ओले होते.

मामा बाजूला उभे होते. मी विचारले, “मामा, ही तार कधी बांधली?”

“रविवारीच की. शर्यतीच्या आधी.”

“आणि सोल्यूशन?”

“तेही लावलं होतं.” हे ते माझ्याकडे न बघता, गाडीच्या चाकाशी बोलले. ही पोर दहा वर्षांची असताना याच माणसाने तिला सायकलची चेन चढवायला शिकवले होते. पिशवी माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स उघडली नाही. त्यांनी काही बोलावे म्हणून मी थांबले. ते दुसऱ्या गाडीकडे निघून गेले.

काल, मंगळवारी, मालक रुग्णालयात अहवाल घेऊन आले. चालवणाऱ्या मुलीने स्वतःहून हँडल सोडले, असे त्यात आहे. “इंग्रजीत आहे आजी, मी समजावून सांगतो,” म्हणाले. मी ननांच्या शाळेत शिकले आहे. मी त्यांना सांगितले, “यात इंग्रजीच्या चार चुका आहेत आणि एक खोटं. चुका मी सुधारून देईन. खोटं तुम्ही सुधारा.” ते हसले आणि मी चहा आणायला गेले तेवढ्यात तोच मजकूर त्यांनी भिंगरीला वाचून दाखवला. तिच्या मांडीचे आणि गळ्याजवळचे हाड मोडले आहे. पडल्याचे तिला काही आठवत नाही. मी परत आले तेव्हा ती छताकडे बघत होती. म्हणाली, “आजी, मी हात सोडला का गं?”

हा अहवाल शनिवारी, २२ मार्चला, शर्यत समितीपुढे जाणार आहे. तो मान्य झाला तर तिच्या नावावर ती चूक कायमची लागेल आणि तिला ट्रॅकवर बंदी होईल. बंदी झाली तर मला वैयक्तिक दुःख नाही. ही चूक तिची नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

सीलबंद पिशवी मी आज ठाण्यात जमा केली आहे. उजवी ग्रिप ॲक्सिलरेटरच्या नळीवर बसते, म्हणून तिचे भोक मोठे असते. पिशवीतल्या ग्रिपचे भोक लहान आहे, म्हणजे ती डावी आहे. मोजून घ्यावी. गाडीवरही आज एक डावी ग्रिप आहे. कोणत्याही मोटारसायकलच्या हँडलला डावे टोक एकच असते.

तरी मैदानाच्या मालकांना व मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा: शर्यतीतली डावी ग्रिप माझ्या नातीच्या मुठीत होती, तर गाडीवरची डावी ग्रिप कोणी आणि केव्हा बसवली? उत्तर सहीनिशी, लेखी, शुक्रवार दिनांक २१ मार्च रोजी सायंकाळी पाच वाजण्याच्या आत मिळावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी दुरुस्ती करून घेतली, ती वर दिसते. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

भिंगरीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मी काल रात्रीच तोंडी दिले. तिचा विश्वास बसलेला नाही. म्हणून लेखी हवे.