स्टेज खाली गेलं त्याची डॉक्युमेंट्री

...अकरा सेकंद! चार तास बोललो हो मी, घसा बसेपर्यंत बोललो, आणि तीन भागांच्या त्या अख्ख्या डॉक्युमेंट्रीत मी दिसतो किती? अकरा सेकंद! बरं, अकरा तर अकरा, माणूस अकरा सेकंदांत पुष्कळ बोलतो, माझी बायको तर तेवढ्यात माझ्या सगळ्या घराण्याचा उद्धार करते, पण तुम्हाला सांगतो, त्या अकरा सेकंदांत मी एक अक्षर बोलत नाही. नुसता बसलोय. मान खाली. आणि मागे कुणीतरी पियानोची एकेक पट्टी दाबतंय, टिंग... टिंग... आणि मी सांगितलं होतं हो! त्यांना तेव्हाच सांगितलं होतं!

थांबा, तुम्हाला मुळापासून सांगतो. मी स्टेज बांधतो. वीस वर्षं झाली. खाली पाईप, वर फळ्या, फळ्यांवर माणसं. तो संगीत महोत्सव झाला ना, तीन दिवसांचा, ज्याचा पहिल्याच संध्याकाळी बोजवारा उडाला, हां, तोच, त्याचं स्टेज माझं. चाळीस गायक येणार अशी जाहिरात, आला एक. माणसं दहा हजार, संडास सहा, त्यातल्या दोनांना दार नाही. पाण्याचा टँकर आला तो फाटकातून आत मावेना म्हणून बाहेरच उभा राहिला, आणि आत आलेल्याला परत बाहेर सोडायचं नाही असा फाटकावर हुकूम! म्हणजे पाणी दिसतंय, नुसतं बघायचं. पण हे सगळं विसरले लोक. लक्षात काय राहिलं? स्टेज.

आता माझी एक पद्धत आहे. बांधायच्या आधी मी जमिनीत पहार घालून बघतो. वीतभर गेली, उत्तम. हातभर गेली, खाली जाड फळ्या टाकायच्या, सांभाळून घ्यायचं. त्या मैदानात घातली तर पहार अख्खी आत! हातात नुसतं टोक! ओढतोय तर येईना. आयोजक शेजारीच उभा. मी त्याला गॉगलच म्हणतो, कारण त्याचे डोळे मी आजतागायत पाहिलेले नाहीत. म्हटलं, साहेब, हे मैदान नाही, हा बुजवलेला तलाव आहे, चाळीस पावलांवर तिकडे मुरमाचा उंचवटा आहे, तिकडे बांधू. तर गॉगल म्हणतो, "दादा, तिकडून सूर्यास्त दिसत नाही. तिकिटावर सूर्यास्त छापलाय." म्हटलं, साहेब, वजन पडलं की हे खाली जाणार. "अहो, दहा हजार लोक उड्या मारतील, जमीन आपोआप घट्ट होईल! पॉझिटिव्ह राहा, दादा!" पण मी सांगितलं होतं! माझी पहार अजून तिथेच आहे.

आणि मग झालं ते झालं. तो एकटा आलेला गायक, बिचारा भला माणूस, त्याने पहिलं गाणं सुरू केलं आणि स्टेज वीतभर खाली. सावकाश हं, धाडकन वगैरे नाही, जोड पक्के होते माझे, सगळं एका पातळीत खाली. लोकांना वाटलं यंत्र बसवलंय! टाळ्या! दुसऱ्या गाण्याला अजून हातभर. शिट्ट्या! "वन्स मोअर!" अरे, वन्स मोअर कशाला, ते जातंच आहे! मी खालून दोन्ही हात हलवतोय, थांबवा, थांबवा, तर शेजारच्यांना वाटलं मी नाचतोय, तेही हात हलवायला लागले. चौथं गाणं संपलं तेव्हा तो गायक स्टेजवरून उतरला नाही, नुसता पुढे चालत आला. जमीन आणि स्टेज एक झालं होतं. कुणाला खरचटलंही नाही, त्याबद्दल मी आजही हात जोडतो. पण दुसऱ्या दिवसापासून गावभर माझं नाव काय? लिफ्टवाले!

दोन वर्षं, तुम्हाला सांगतो, दोन वर्षं एक स्टेज मिळालं नाही. फोन यायचा, "तुम्ही तेच का हो?" म्हटलं हो, की खट्! मी लोकांच्या गच्चीवर पत्रे बसवले, दुकानांच्या पाट्या लावल्या. वीस वर्षांचं नाव चार गाण्यांत गेलं. आणि घरी रोज एकच, मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. शेवटी एक दिवस बायको हातातलं काम ठेवून म्हणाली, "अहो, सांगितलं होतंत, कळलं. मग बांधलंत कशाला?"

...लाज वाटली. एवढं मोठं काम हातचं जाऊ नये म्हणून बांधलं, अजून काय.

तर अशात ती डॉक्युमेंट्रीवाली बाई आली. दिग्दर्शिका. पातळ आवाजात बोलायची, समोरचा माणूस आजारी असल्यासारखं. "आम्हाला तुमची बाजू ऐकायचीय." माझी बाजू! अहो, माझा ऊर भरून आला. दोन वर्षांत कुणी विचारली होती माझी बाजू? म्हटलं, एकच वाक्य आहे माझं, तेवढं जगाला ऐकवा, मी सुटलो.

एक वाक्य! तुम्हाला वाटेल, किती वेळ लागतो? आधी पंखा बंद केला, आवाज येतो म्हणून. मग फ्रिज बंद केला, आवाज येतो म्हणून, आणि जाताना सुरू करायचा विसरले, दोन लिटर दूध नासलं, ते निराळंच. दिवे असे लावले की समोरचं दिसेना. मी म्हटलं, "मी त्यांना सांगितलं होतं." "छान! पण प्रश्न उत्तरात घेऊन बोला." बरं. "जमीन तपासली होती का असं विचाराल तर मी जमीन तपासली होती आणि मी त्यांना..." वरून विमान. थांबा. पुन्हा. शेजारच्याने भिंतीला ड्रिल लावलं. थांबा. पुन्हा. "आता जरा कमी रागाने." पुन्हा. "आता कॅमेऱ्याकडे न बघता." अकरा वेळा बोललो मी ते वाक्य! अकराव्यांदा तर मला स्वतःलाच शंका आली, खरंच सांगितलं होतं का?

सगळं संपलं, मी उठणार, तेवढ्यात त्यांचा तो हेडफोनवाला हात वर करतो. "काका, तसेच बसा. एक मिनिट कुणी बोलू नका, खोलीचा आवाज घ्यायचाय." म्हटलं, अरे खोलीला कसला आवाज, पंखा बंद, फ्रिज बंद, मी बंद! "रिकाम्या खोलीचाही असतो, काका. तुकडे जोडताना मधे भरायला लागतो." बसलो. कॅमेरा चालूच. चार तास त्या खुर्चीत बसून पायाला मुंग्या आलेल्या, त्या बघायला मान खाली घातली. दिव्याने डोळ्यांत पाणी. मुंगी वर चढली की ओठ आवळायचो. एक मिनिट पूर्ण झालं, बाई म्हणाली, "वा."

मी पण म्हटलं, वा! मला काय माहीत?

डॉक्युमेंट्री आली त्या दुपारी मेहुणा सहकुटुंब हजर. तो नेहमीच असतो, त्याला माझ्या फजितीचा वास येतो. सगळे टीव्हीसमोर. पहिला भाग, संडासवाला म्हणतो, "मी त्यांना सांगितलं होतं, सहा पुरणार नाहीत." मी खुर्चीत पुढे सरकलो. टँकरवाला म्हणतो, "मी सांगितलं होतं, फाटक लहान आहे." तिकीटवाली म्हणते, "मी तर पहिल्यापासून सांगत होते." फाटकवालासुद्धा! तेवीस माणसं बोलतात आणि तेवीसच्या तेवीस, मी सांगितलं होतं! अरे, ते माझं वाक्य आहे! मग गॉगल आला. गॉगल लावून. म्हणतो, "मी स्टेजवाल्या दादांना स्वतः विचारलं होतं, दादा, जमीन ठीक आहे ना?"

आणि मी. मान खाली. डोळ्यांत पाणी. ओठ आवळतोय. टिंग... टिंग...

अकरा सेकंद!

मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "भावोजी, मन मोकळं केलंत, बरं झालं." अरे मुंग्या! मुंग्या आल्या होत्या पायाला! बायको हसायला लागली ती पदर तोंडात कोंबून आत गेली. मी त्या डॉक्युमेंट्रीवाल्या बाईला फोन लावला, नुसता पेटलो होतो. तर ती तशीच पातळ आवाजात, "काका, 'सांगितलं होतं' सगळेच म्हणाले हो. तुमची शांतता फार बोलून गेली." अहो, माझी शांतता बोलून गेली, पण माझं बोलणं कुठे गेलं? मी म्हटलं, संपलं. आता गच्च्यांवर पत्रे बसवायचे, मरेपर्यंत.

तर चौथ्या दिवशी फोन. एका शाळेच्या मुख्याध्यापिका. मी आपलं आधीच सांगितलं, हो, मी तोच, ठेवा फोन. म्हणतात, "ठेवू कशाला? आम्ही सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून पाहिलं ते. तेवीस माणसं बोलली, एकालाही आपलं चुकलं असं वाटलं नाही. मान खाली घालणारे तुम्ही एकटेच निघालात. आमची तीनशे मुलं स्टेजवर चढणार आहेत, आम्हाला असाच माणूस हवाय." तोंडावर आलेलं वाक्य गिळलं.

गेलो. बायकोही आली बरोबर, पाईप मोजायला. मुख्याध्यापिकाबाई शिपायाला घेऊन तिथे उभ्याच. शाळेमागचं मैदान, रंगाने आखून ठेवलेलं, स्टेज इथे, खुर्च्या तिथे, फलकसुद्धा लावून झालेले. नवी पहार घातली. गेली की हो कोपरापर्यंत! मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. हेही काम गेलं की परत पत्रे, हेच आलं मनात, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, "बाई, इथे नाही. तिकडे भिंतीशी टणक आहे, तिकडे. इथे मी बांधणार नाही, काम दुसऱ्याला द्यायचं तर द्या." आणि उभा राहिलो, आता येतंय काहीतरी, सूर्यास्त येतोय, पॉझिटिव्ह येतंय...

बाई वळल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "सगळं तिकडे हलवा."

बस्स! फलक, खुर्च्या, आखणी, सगळं! का नाही, कशाला नाही, कसं नाही! मी म्हटलं, "बाई, एवढ्यावर ऐकलंत?" तर म्हणतात, "तुमचं नाही ऐकायचं तर कुणाचं? एकदा एवढी मोठी चूक झालेला माणूस आहात तुम्ही."

बायकोने कोपराने ढोसलं. "अहो, सांगा की त्यांना आता! दोन वर्षं माझे कान खाल्लेत, सांगा!"

म्हटलं, गप गं. खरं सांगितलं तर परत ऐकणार कोण माझं?